तेरचा तो, आणि आताचा हा

अगं, परवा तू फोनवर एवढा वेळ बोललीस. सासूबाई काय म्हणतील, भाऊजी काय म्हणतील, लेक काय म्हणेल, गल्ली काय म्हणेल, सगळं सांगितलंस. तो माणूस कसा आहे, एवढंच राहिलं. म्हणजे बोलत होतीस त्याच्याबद्दलच, पण ते सगळं तेरच्या त्या पोराबद्दल. तेरणेत सूर मारणारा. पहिला पाऊस पडून माती वाहिली की पांढरीच्या टेकाडावर मणी शोधत हिंडणारा. शाळेनं लामतुरेंच्या संग्रहालयात नेलं तेव्हा हस्तिदंती बाहुलीपुढं उभा राहून, 'ही माझ्या आज्याच्या शेतात सापडली' अशी थाप मारणारा. मलाही आठवतो तो. खाकी चड्डी, गुडघ्यावर खरचटलेलं, तोंडात कायम हरभऱ्याचा डहाळा. पण बाई, ते पोरगं बारा वर्षांचं होतं. तुला लग्नाचं विचारलंय ते चाळिशी ओलांडलेल्या एका माणसानं. कृषी सेवा केंद्र चालवणारा, आठ एकराचा धनी, बायको गेलेली, एका मुलीचा बाप. त्याच्याबद्दल तुला काय माहीत आहे?

ओढ मला कळते. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. लग्न होऊन कळंबकडं गेलीस तेव्हापासून तू कुणाची तरी सून, कुणाची तरी बायको, मग कुणाची तरी आई. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या त्या उन्हाळ्यात तुझा नवरा गेला आणि त्यानंतर हळदीकुंकवाला बोलावताना बायका तुझ्या दारावरून पुढं जायला लागल्या. त्या सगळ्याच्या आधीची तू कशी होतीस, हे ठाऊक असलेली माणसं आता किती उरलीत? आई गेली. मी आहे, ती पुण्यात. आणि गोरोबाकाकांच्या यात्रेला तू माहेरी आलीस तर समोर हा उभा, आणि त्यानं तुला 'वहिनी' म्हटलं नाही, तुझ्या नावानं हाक मारली. कितीतरी वर्षांनी कुणीतरी नुसत्या नावानं हाक मारली. त्या हाकेला तू भुललीस तर त्यात तुझं काही चुकलं असं मला वाटत नाही.

शिवाय तुमच्या दोघांत ते भूकंपाचं आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारी, सास्तूरकडं गावंच्या गावं गेली, हजारो माणसं गेली, आणि आपल्या इकडं भिंतींना तडे आणि माणसांना धास्ती. कितीतरी रात्री गाव उघड्यावर झोपलं. तुम्ही चौथीतली पोरं. मोठी माणसं घाबरलेली आणि पोरांना मात्र अंगणात रांगेनं अंथरुणं म्हणजे मजा. ज्यानं तुझ्याबरोबर त्या रात्री आभाळाकडं बघत काढल्या, त्याला पुष्कळ गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. हे नात्याचं भांडवल आहे आणि ते वधू-वर सूचक मंडळाच्या नोंदवहीत सापडत नाही. मी ते नाकारत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की तुला तो हवाय की ते अंगण हवंय, हे आधी बघ. दुःखात माणूस मागं पळतं. जिथं अजून काहीच मोडलं नव्हतं, तिथं जाऊन बसावंसं वाटतं. तिथं जो भेटेल तो आपला वाटतो. पण तू त्याच्याशी लग्न केलंस म्हणून तुझं दहावं वर्ष परत येणार नाही. सकाळी सहाला उठून त्याच्या दुकानाच्या किल्ल्या शोधाव्या लागतील, सोयाबीनला भाव नसल्याचं ऐकावं लागेल, आणि त्याची मुलगी तुझ्या हातची भाजी बाजूला सारेल. तेव्हा जो उरतो तो हवा आहे का?

आपल्या गावाची गोष्ट तुला सांगायला नको. संतमेळा तेरला जमला, मुक्ताबाईंनी गोरोबा कुंभारांच्या हातातलं थापटणं बघून विचारलं हे काय, आणि गोरोबा एकेकाच्या डोक्यावर ते वाजवत गेले. नामदेवांना राग आला आणि गोरोबांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं. नामदेव म्हणजे काही साधा माणूस नव्हता, पंढरीच्या विठ्ठलाचा लाडका. तरी कच्चं ते कच्चं. तूही आता थापटणं हातात घे. लाडका आहे, लहानपणापासूनचा आहे, हे सगळं ठीक. वाजवून बघ.

कसं वाजवायचं, ते सांगते. त्याच्या बायकोचं आजारपण लांबलं होतं म्हणालीस. त्या काळात दवाखान्यात रात्री कोण बसायचं, हे विचार. त्यालाही विचार आणि तिच्या माहेरच्यांनाही. होय, तिच्या माहेरच्यांना. मेलेल्या बायकोचे आईबाप ज्या जावयाबद्दल चांगलं बोलतात, त्याच्याबद्दल मला दुसऱ्या कुणाचं प्रशस्तिपत्र लागत नाही. तो तिचं नाव घेतो का, तेही बघ. काही पुरुष दुसऱ्या लग्नाच्या वेळी पहिलीबद्दल वाईट बोलतात, नवी खूश होईल म्हणून. अशानं खूश होऊ नकोस, उद्या तुझ्याबद्दलही तो असंच बोलेल. आणि तू तुझ्या नवऱ्याची आठवण काढलीस, डोळ्यांत पाणी आलं, तर तो काय करतो? ऐकून घेतो, का विषय बदलतो, का तोंड पाडतो? हे तू एव्हाना बघितलं असशील. मला फोनवर सांगितलं नाहीस, म्हणून विचारते.

कर्ज किती आहे ते विचार. लाजू नकोस. कृषी सेवा केंद्र म्हणजे उधारीचा धंदा, खरिपात माल द्यायचा आणि पैसे सुगीला, पाऊस गेला तर तेही नाहीत. कंपनीचं देणं, बँकेचं, सोसायटीचं, खासगी सावकाराचं, सगळं कागदावर मांडून दाखव म्हणावं. ज्याला हे दाखवायला कमीपणा वाटतो तो पुढं प्रत्येक गोष्ट लपवेल. आपल्या जिल्ह्यात कर्जापायी किती घरं बसली, हे तुला मी पुण्यातून सांगायला नको. दारू, तंबाखू, राग, हेही बघ. गावात कळतंच. नाही कळलं तर दुकानातल्या पोराला विचार, मालकाचा राग त्याच्याइतका कुणाला माहीत नसतो.

आणखी एक. तो म्हणाला ना, 'माझ्या मुलीला आई मिळेल, तुझ्या मुलीला बाप मिळेल'? ऐकायला गोड आहे. मला त्याची भीती वाटते. पुन्हा गोरोबांकडंच वळते. त्यांचं लेकरू चिखलात तुडवलं गेलं, बायको संतीनं आकांत केला, पुढं हात न लावण्याच्या विठ्ठलाच्या आणेपायी दोघांत दुरावा आला. वंश चालावा म्हणून संतीची धाकटी बहीण रामी, हिच्याशी गोरोबांचं लग्न लावलं. सासऱ्यानं सांगितलं, दोघींना सारखं वागवा. गोरोबांनी शब्द तंतोतंत पाळला आणि रामीलाही हात लावला नाही. कीर्तनात हा प्रसंग आला की मंडळी भक्तीनं डोलतात. मला प्रत्येक वेळी त्या रामीचीच काळजी वाटते. तिला कुणी काही विचारलं होतं का? घराची गरज म्हणून आणलेली बाई, नि घरातच उपरी. कथेत विठ्ठल येऊन सगळं नीट करतो, आपल्याकडं तो येईलच असं नाही. म्हणून त्याच्या मुलीला सांभाळणारी हवी म्हणून लग्न करू नकोस, आणि तुझ्या मुलीची फी कुणीतरी भरावी म्हणूनही करू नकोस. तुला त्याच्याबरोबर राहायचं असेल तर कर. मुलींचं त्यातून होईल तेवढं भलं होईल.

माझ्या टेबलावर गेले काही दिवस आनंदीबाई कर्व्यांचं 'माझे पुराण' आहे, तुझ्यामुळंच पुन्हा काढलं. देवरुखची गोदू जोशी, आठव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत विधवा. तिचा भाऊ नरहरपंत हा धोंडो केशव कर्व्यांचा मित्र. त्या भावानं तिला मुंबईला आणलं आणि पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं, तिथं ती शिकली. इकडं १८९१ मध्ये कर्व्यांची बायको राधाबाई गेली, मागं लहान रघुनाथ. ११ मार्च १८९३ ला दोघांचं पुण्यात लग्न झालं. अनोळखी माणसाशी झालेलं हे लग्न नव्हतं. भावाचा मित्र, एका घरातली ये-जा, एकमेकांची दुःखं माहीत असलेली. तुझ्या गोष्टीच्या सगळ्यांत जवळचं मला हेच सापडलं. कर्व्यांच्या गावच्या मुरूडकरांनी बहिष्कार टाकला, कर्व्यांच्या आईला आणि भावाला त्याचा त्रास झाला. कर्वे गप्प राहिले, पण लग्न लपवलं नाही. त्याच वर्षी विधवाविवाहाला मदत करणारी मंडळी काढली. आणि गोदूबाईंचं पुढं 'बाया' झालं, कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी त्या दारोदार वर्गणी मागत फिरल्या. तो लहान रघुनाथ म्हणजे 'समाजस्वास्थ्य' काढणारे र. धों. कर्वे. सावत्र आईच्या हाताखाली पोरं बिघडतात म्हणणाऱ्यांना हे नाव सांगत जा.

याच्या उलटही एक गोष्ट आहे. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाच्या बाजूचे, आणि १८७३ मध्ये स्वतःची बायको वारल्यावर वडिलांच्या हट्टापुढं वाकून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. ती मुलगी म्हणजे रमाबाई रानडे, त्या पुढं केवढ्या मोठ्या झाल्या, तो भाग वेगळा. पण एवढा मोठा माणूस वडिलांपुढं नमतो, तर तुझा तो आपल्या थोरल्या भावापुढं नमणार नाही कशावरून? हे त्याला आत्ताच विचारायला हवं. 'दादाला सांगितलंस का?' एवढंच विचार. तो म्हणाला, 'सांगतो की, घाई काय आहे,' तर समज की अजून काही ठरलेलं नाही.

आता चोरून भेटण्याबद्दल. रागावू नकोस. तू येडशीला देवदर्शनाचं निमित्त सांगून गेलीस, हे मला आवडलं नाही. भेटलीस म्हणून नाही. चाळिशीतल्या बाईला कुणाला भेटायचं याची परवानगी लागत नाही. पण लपवाछपवीची सवय लागली की पुरुषाला ती फार सोयीची पडते. वर्ष जातं, दोन वर्षं जातात, त्याचं सगळं नीट चाललेलं असतं आणि बोलणी खाते ती बाई. जुन्या काळी आपल्याकडं पाट लागायचा तोही असाच, रात्रीचा, अंधारात, वाजंत्री नाही, सवाष्णींनी तोंड बघायचं नाही. कायद्यानं १८५६ सालीच विधवेच्या लग्नाला मान्यता दिली, तरी रीत अंधारातलीच राहिली. बाईला नवरा मिळायचा, मान मिळायचा नाही. तू तसं करू नकोस. दुपारी बाराचा मुहूर्त धर, मांडव घाल, आणि पत्रिकेत दोन्ही मुलींची नावं छाप.

काळ बदलला नाही असंही नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव झाला म्हणून बायकांच्या मनातलं लगेच जात नाही, हे मलाही कळतं. तुझ्या वेळी बांगड्या फोडणाऱ्या बायकाच होत्या. पण आता तुझ्या हातात एक सरकारी कागद आहे. भाऊजी रीतीरिवाजाचं बोलले तर तो दाखवता येतो.

सगळ्यांत अवघड सासूबाईंचं आहे, आणि तू म्हणतेस तसं त्या दुष्ट आहेत म्हणून नाही. त्यांचा लेक गेला. तू घरात आहेस तोवर त्यांच्या लेकाचं घर चालू आहे. तू उठून गेलीस की तो दुसऱ्यांदा गेला. ही बाई तुला 'लाज नाही का' म्हणेल, ते खरं तर 'मला टाकून जाऊ नकोस' असं असेल. म्हणून त्यांना बाहेरून कळता कामा नये. माहेरच्या माणसानंही सांगायचं नाही, भाऊजींनीही नाही. तू स्वतः, दोघीच असताना, जेवणं झाल्यावर. आधी सांग काय बदलणार नाही. वर्षश्राद्धाला तू येशील. फोटो भिंतीवरच राहील, आणि तुझ्या नव्या घरातही नात आपल्या बापाचा फोटो लावेल. दिवाळी-उन्हाळ्याला नात त्यांच्याकडं येईल. त्यांच्या बीपीच्या गोळ्या आणि लातूरच्या डॉक्टरांची फाईल आजवर तू सांभाळलीस, ती पुढंही तूच सांभाळशील. मग सांग काय बदलणार आहे. त्या रडतील, शिव्या देतील, चार दिवस जेवणार नाहीत. चार दिवसांनी त्या त्याची चौकशी करतील. माझा अंदाज आहे. माझे अंदाज नेहमी बरोबर येत नाहीत, पण तुझ्या सासूबाईंना मी ओळखते. तुझ्या नवऱ्याच्या तेराव्याला सगळे तुला खोलीत बसवत होते तेव्हा तुला चहा आणून देणारी ती एकटीच होती.

भाऊजींचं प्रकरण वेगळं. ते मानाचं बोलतील, खानदानाचं बोलतील, पण त्यांच्या मनात वावर आहे. मग वावराचंच बोलू. लग्न केलं की नवऱ्याच्या जमिनीवरचा हक्क जातो, असं तुला कुणीतरी सांगितलंय. जुन्या, १८५६ च्या कायद्यात तसं होतं खरं. तो कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. १९५६ च्या वारसा कायद्यानं नवऱ्याच्या पश्चात बायको, मुलं आणि त्याची आई हे पहिल्या वर्गाचे वारस, सगळ्यांना सारखा हिस्सा. हा हिस्सा नवरा गेला त्याच दिवशी तुझा झाला. नंतर लग्न केलंस म्हणून तो परत जात नाही. विधवांच्या पुनर्विवाहाबाबतचं एक कलम त्या कायद्यात होतं, तेही २००५ च्या दुरुस्तीत काढून टाकलं. म्हणून पहिलं काम हे: तलाठ्याकडं जाऊन सातबारा आणि फेरफार बघ. वारस म्हणून तुझं, लेकीचं आणि सासूबाईंचं नाव लागलंय का? नसेल तर लग्नाची कुजबुज सुरू होण्याआधी लावून घे. 'बक्षीसपत्र कर', 'हक्कसोड कर, बहीण-भावासारखं मिटवू' असं म्हणत कुणी कागद पुढं केला तर सही करू नकोस. वकिलाला दाखवते म्हणावं. लेकीचा हिस्सा तर तुलाही परस्पर विकता येत नाही, अज्ञान मुलाची जमीन विकायला कोर्टाची परवानगी लागते. हे भाऊजींना चारचौघांत सांगितलंस तरी चालेल. तुझा हिस्सा तुला कसायचा नसेल तर बटईनं त्यांनाच दे. तेवढ्यानं निम्मं भांडण मिटेल. मात्र लेखी.

सासूबाईंचा हिस्सा त्यांच्याच नावावर राहील, हे त्यांना समजावून सांग. लेकानंतर आपण सुनेच्या नाहीतर दुसऱ्या लेकाच्या दयेवर, असं कितीतरी म्हाताऱ्यांना वाटत असतं. आपल्या नावावर जमीन आहे हे कळलं की बाईचा आवाज बदलतो, हे मी पाहिलंय.

बाकीचे कागद पटापट सांगते. निराधार योजनेचे पैसे विधवा म्हणून मिळत असतील तर लग्नानंतर तहसीलमध्ये कळवायचं, नंतर वसुली निघण्यापेक्षा ते बरं. नवऱ्याच्या नोकरीचं कुटुंब निवृत्तिवेतन असेल तर नियम खात्याखात्याचे वेगळे आहेत, लग्नाआधी खात्याकडून लेखी उत्तर घे, कुणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नकोस. लग्नाची नोंदणी ग्रामपंचायतीत होते, दोघांच्या पहिल्या जोडीदारांचे मृत्यूचे दाखले जवळ ठेव. विमा, बँक, सगळीकडची वारसनोंद नव्यानं बघावी लागेल. आणि एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: सावत्र बापाच्या मालमत्तेत सावत्र मुलीला आपोआप हक्क मिळत नाही. त्याला तुझ्या मुलीला काही द्यायचं असेल तर मृत्युपत्र करावं लागेल. तुझ्या मनात त्याच्या मुलीला काही द्यायचं असेल तर तुलाही. लग्नाच्या आधी हे बोलणं अभद्र वाटतं. तुम्ही दोघांनी मरण जवळून पाहिलंय, तुम्हाला अभद्र कसलं?

आडनावाचं तू विचारलं होतंस. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२२ मध्ये सांगितलंय, की नवरा गेल्यावर आई हीच मुलाची नैसर्गिक पालक, आणि तिनं पुन्हा लग्न केलं तर मुलाचं आडनाव ठरवण्याचा हक्क तिचा. म्हणजे हक्क तुझा आहे. पण तुझी लेक तेरा वर्षांची आहे, वापर तिला विचारून कर. मला विचारशील तर राहू दे बापाचंच नाव. दहावीच्या फॉर्मवर, बोर्डाच्या गुणपत्रिकेवर ते नाव दिसेल तेव्हा तिला बरं वाटेल. तिला त्याला 'बाबा' म्हणायलाही लावू नकोस. काका म्हणू दे, नाहीतर आणखी काही म्हणू दे. तिनं बापाला शेवटचं पाहिलं ते लांबून, ते दिवसच तसे होते. ते तिच्या मनात बसलेलं आहे. त्यावर नवं नाव चिकटवायची घाई केलीस तर ती त्याचा नाही, तुझा राग धरेल. त्याच्या मुलीच्या बाबतीत तूही तेच कर. पहिलं वर्षभर तिची आई व्हायला जाऊ नकोस. तिची वेणी घालायची तर तिनं फणी हातात दिल्यावर घाल.

दोघींना लग्नाआधी एकत्र आण, पण पाहुणचाराला बसवल्यासारखं नको. गोरोबाकाकांच्या देवळात घेऊन जा, नदीकाठाला फिरव, त्या टेकाडावर मणी शोधायला लाव. बोलतील किंवा नाही बोलतील. दोघीही पोरक्या आहेत एकेका बाजूनं, त्यांचं त्यांना कळेल.

आता ज्याबद्दल तू फोनवर अडखळलीस ते. 'ताई, माझ्या वयात हे शोभतं का,' असं म्हणालीस. काय शोभतं? हसणं? साडी जरा बरी नेसणं? कुणीतरी रात्री शेजारी असावं वाटणं? शरीराला वैधव्य कळत नाही, बाई. नवरा गेल्यावर पहिली दोन वर्षं झोप उडाली होती तुझी, आणि त्याच्याशी बोलून फोन ठेवलास की झोप लागते, हे तूच सांगितलंस. त्यात पाप कुठं आलं? मात्र लग्नानंतर पहिल्या रात्रीच सगळं सुरळीत होईल असं समजू नकोस. तुला तुझा नवरा आठवेल. त्याला त्याची बायको आठवेल. रडूही येईल. तेव्हा एकमेकांवर रुसू नका. आणि लग्नाआधी लातूरला जाऊन डॉक्टरीणबाईंना भेट, पाळी, गर्भाची शक्यता, दोघांच्या रक्ताच्या तपासण्या, सगळं विचारून घे. चाळिशीत मूल राहू शकतं. हवं की नको ते आधी ठरवा.

अपराधी वाटणं लगेच जाणार नाही. तू त्याच्याबरोबर हसलीस की तुझ्या नवऱ्याचा चेहरा समोर येतो म्हणालीस. येऊ दे. ज्याच्याबरोबर सोळा वर्षं संसार केला तो काही पाहुणा नव्हता निघून जायला. त्याच्यावरची माया संपली की दुसऱ्यावर करता येते, असा काही हिशेब नसतो. आईला दुसरं लेकरू झालं की पहिल्याची माया अर्धी होते का?

आणि समज, हे सगळं विचारून, बघून तुला वाटलं की हा माणूस चांगला आहे, पण नवरा म्हणून नको. तर तेही सांग. मैत्री ठेव. चाळीस वर्षांच्या ओळखीला लग्नाचीच टोपी घालायला हवी असं नाही. तुला एकटीनं राहायचं असेल तर तेही तुला जमेल. गेली चार वर्षं तू ते केलंयस. लेकीची शाळा, शेत, सासूबाईंचा दवाखाना, घरपट्टी. तुला कुणी वाचवायला यावं अशी तुझी अवस्था नाही, हे त्यालाही कळू दे. मला मनातलं विचारशील तर, मी ऐकलं तेवढ्यावरून माणूस बरा वाटतो. बायकोच्या आजारपणात दुकान चार महिने बंद ठेवलं होतं म्हणालीस, ते मी लक्षात ठेवलंय. पण माझं मत राहू दे बाजूला.

कामं मात्र ओळीनं कर. आधी तलाठी. मग त्याच्या कर्जाचा कागद. मग त्याचा दादा. मग लेक. मग सासूबाई. लेकीच्या आधी सासूबाईंना सांगू नकोस, पोरीला आपण शेवटी कळलो असं वाटता कामा नये. सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीच्या गडबडीआधी बोललीस तर भाऊजीही जरा मोकळे असतील. सासूबाईंशी बोलायचं ठरलं की मला आदल्या दिवशी कळव, मी पुण्याहून रात्रीच्या गाडीनं निघेन. तू आत त्यांच्याशी बोल, मी बाहेर ओसरीवर बसते.